अष्टविनायकाचं निमित्त आणि अकरा ब्रुअऱ्या

वडोदऱ्याहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३६, औषध कंपनीत नोकरी, घर दांडिया बाजारात, तेही आजोबांच्या वेळचं. शाळेपासूनची चौघांची चौकडी अजून टिकून आहे. त्यातला एक मध्यंतरी कामासाठी बेंगळुरूला जाऊन आला, तिथे क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या ब्रुअरीत थोडी थोडी बनवलेली बिअर, चाखली, आणि तेव्हापासून चौघांच्या डोक्यात एकच खूळ आहे: स्वतःची गाडी काढायची आणि वडोदरा, मुंबई, पुणे, बेंगळुरू आणि परत, अशा सहा दिवसांत अकरा ब्रुअऱ्या करायच्या. २ ऑक्टोबरची सुट्टी जोडून निघायचं. सकाळी घर सोडायचं, दुपारी मुंबईत पहिला ग्लास. चौघांपैकी एकाने दीड वर्षापूर्वी पिणं सोडलं आहे, "त्यामुळे ड्रायव्हरचा प्रश्न आपोआप मिटला."

पत्नीला सगळं ठाऊक आहे, तिची हरकत नाही. आईंना मात्र "मित्रांबरोबर अष्टविनायकाला चाललोय" असं सांगून ठेवलं आहे. आणि इथेच गाडी अडली आहे. आई म्हणाल्या, "मग मीही येते, तुझे बाबा गेल्यापासून राहूनच गेलंय." आईंना मागच्या सीटवर मळमळतं, त्यामुळे त्या आल्या तर पुढची सीट त्यांची, म्हणजे एक मित्र गळणार, हाही हिशोब पत्रात आहे. प्रश्न दोन विचारले आहेत. आईंना न दुखवता कसं टाळू? आणि येताना चार-सहा बाटल्या गाडीतून आणायच्या तर सगळ्यात सेफ रस्ता कोणता?

---

तुमचं पत्र वाचून आधी मी मनसोक्त हसले. बिअरच्या यात्रेला गणपतीचं नाव द्यायचं आणि मग आईनेच देवाच्या ओढीने बॅग भरायची! बाप्पाने बरोब्बर पकडलं तुम्हाला.

हसून झाल्यावर पत्र दुसऱ्यांदा वाचलं. तुम्ही प्रश्न दोन विचारलेत, पण पत्रातलं खरं अडलेलं वाक्य त्या प्रश्नांत नाहीच. ते तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. त्याच्याकडे येतेच, आधी दुसऱ्या प्रश्नाचा निकाल लावू, कारण त्याला उत्तर एकच आहे.

बाटल्या आणू नका. चार नको, दोन नको, सीटखाली नको, स्टेपनीच्या खाली नको. आपल्याकडे गुजरातेत १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर दारूची वाहतूक करताना सापडलं तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. गाडी जप्त होते ती वेगळीच. मग तुम्ही कोर्टात "साहेब, ही क्राफ्ट आहे" असं सांगणार आहात का? भिलाडच्या नाक्यावर उभ्या असलेल्या हवालदाराला गव्हाची बिअर आणि देशी यातला फरक समजावून सांगायची हौस कुणी धरू नये. आणि नुसती बाटली नाही म्हणून सुटलात असंही नाही. पिऊन हद्दीत आलात तरी पकडतात. दर ३१ डिसेंबरला दमणहून परतणाऱ्यांची वलसाड जिल्ह्यात कशी रांग लावून तपासणी होते, ते तुम्ही बातम्यांत पाहिलंच असेल. म्हणून परतीच्या आदल्या संध्याकाळपासून ग्लास खाली. याला दुसरा मार्ग मला माहीत नाही आणि असता तरी सांगितला नसता.

एक गंमत सांगते. सीमा ओलांडली की सगळं मोकळं, असं आपल्याकडे सगळ्यांना वाटतं. तसं नाही. १९४९ चा तो कायदा जुन्या मुंबई राज्याचा. १९६० मध्ये घर वेगळं झालं तेव्हा भांड्याकुंड्यांसारखा तोही दोघा भावांच्या वाट्याला आला. एकाने कुलूप लावलं, दुसऱ्याने परवाना ठेवला. महाराष्ट्रात आजही कायद्याने दारू प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा आणि आजन्म असे ते मिळतात. बहुतेक जण विचारत नाहीत म्हणून काढत नाहीत. तुम्ही काढा. चहाच्या पैशांत काम होतं.

आता तुमचा बेत. कागद-पेन्सिल घेऊन बसले होते. वडोदरा ते मुंबई चारशेच्या आसपास किलोमीटर, मुंबई-पुणे दीडशे, पुणे-बेंगळुरू आठशेच्या वर, आणि बेंगळुरूहून थेट घरी चौदाशेच्या घरात. बेरीज पावणेतीन हजारांच्या पुढे जाते. सरासरी ताशी साठ धरली, जी घाट, टोल, ट्रक आणि चौघांच्या लघुशंका धरता उदारच आहे, तरी सेहेचाळीस तास. सहा दिवसांत रोज पावणेआठ तास स्टिअरिंग. उरलेल्या वेळात झोप, जेवण आणि रोज जवळजवळ दोन ब्रुअऱ्या. ही सहल आहे की कुरिअर कंपनीचं वेळापत्रक?

शिवाय पहिला ग्लास तुम्ही मुंबईत २ ऑक्टोबरच्या दुपारी ठेवलाय. गांधी जयंती हो! देशभर ड्राय डे. गुजरातेत जन्म गेला तरी हे चौघांपैकी एकालाही सुचू नये? आपल्याकडे रोजच ड्राय डे असल्यामुळे कॅलेंडर बघायची सवय राहिलेली नाही, हे मात्र मी समजू शकते. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट हेही तसेच. महाराष्ट्रात आषाढी एकादशी आहे, निवडणुकीच्या मतदानाआधीचे दोन दिवस आहेत. सुट्टी जोडून जाणाऱ्या सगळ्यांनाच सांगते, जोडायची ती सुट्टी आधी तपासा.

पण अकरा का, हे मला जास्त विचारायचं आहे. मला वाटतं या आकड्यात बिअरची आवड कमी आणि आपल्या राज्याची सवय जास्त आहे. जे घरी मिळत नाही ते बाहेर गेल्यावर माणूस "मिळतंय तोवर" या घाईने घेतो. आमच्या ओळखीतले दमणला जाऊन आलेले लोक मी पाहिलेत. दोन दिवसांत वर्षाचा कोटा पुरा करतात आणि समुद्र कसा होता विचारलं तर एकमेकांकडे बघतात. क्राफ्ट बिअर या घाईला साफ उलटी आहे. एका रात्रीत चार मैदानांवर गरबा खेळायला धावणाऱ्याचा निम्मा वेळ पार्किंगमध्ये जातो आणि धड एकाही ठिकाणी पाय तालात पडत नाही, हे वडोदऱ्याच्या माणसाला मी काय सांगावं?

मला यातलं काय कळतं असं म्हणाल तर सांगते. तीन वर्षांपूर्वी पुण्यातल्या भाच्याने मला एका ब्रुअरीत नेलं. वय माझं तेव्हा एकसष्ट. म्हटलं, चल, बघू तरी हे काय प्रकरण आहे. मंगळवारची दुपार होती, गर्दी शून्य. तिथल्या बनवणाऱ्या मुलाने आम्हाला काचेपलीकडच्या टाक्या दाखवल्या. प्रत्येक टाकीवर खडूने तारीख. मग माझ्या तळहातावर त्याने चार बरण्यांतले दाणे थोडे थोडे ठेवले. सातूचे दाणे होते, म्हणजे जव. पहिला फिकट, चावल्यावर गोडसर, मधल्या वेळी खायच्या फुटाण्यासारखा. दुसरा बदामी. चौथा काळा कुळकुळीत, कॉफीच्या बीसारखा कडू. तो म्हणाला, "आजी, सातू भिजवतात, मोड आणतात, मग वाळवतात आणि भाजतात." मी म्हटलं, अरे, हे तर आमचं नाचणीचं सत्त्व! भिजवा, फडक्यात बांधा, मोड येऊ द्या, सुकवा, दळा. फक्त बाळाला देण्याऐवजी तुम्ही ते बाळाच्या बापाला देता. तो मुलगा इतका हसला की पुढचा अर्धा तास त्याने मला सोडलंच नाही.

त्या अर्ध्या तासात मला जे कळलं ते तुमच्या अकरा थांब्यांत तुम्हाला कळणार नाही, अशी माझी खात्री आहे. गव्हाच्या जर्मन बिअरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण त्यात ना केळं असतं ना लवंग. तो वास यीस्टचा. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये मात्र खरोखर धने आणि संत्र्याची साल घालतात. धने! आमटीतले! स्टाउट नावाच्या काळ्या बिअरचा रंग त्या करपवलेल्या दाण्यांचा. कडवटपणा येतो हॉप्सच्या फुलांचा. ही फुलं बहुतेक परदेशातून येतात, आपल्याकडे हिमाचलातल्या लाहौलमध्ये थोडी होतात. एल नावाची साधी बिअर दोन-तीन आठवड्यांत तयार होते, लागर नावाच्या बिअरला थंडीत महिना-दीड महिना मुरत ठेवावं लागतं, म्हणून छोट्या ब्रुअऱ्यांना ती परवडत नाही, टाकी अडून राहते. मी त्या दुपारी सगळं मिळून एक ग्लासही प्यायले नसेन. आणि आज तीन वर्षांनी तुम्हाला इतकं सांगतेय.

तेव्हा बेंगळुरू सोडा. ते शहर वाईट नाही. २०१० मध्ये सुरू झालेल्या टॉइट या ब्रुअरीने तिथे या सगळ्याची हवा केली, तुमचा मित्र उगाच वेडा झालेला नाही. पण तिथे विमानाने स्वतंत्र जा, पुढच्या वर्षी. या खेपेला एकटं पुणं पुरे. तीन रात्री, चार ब्रुअऱ्या, त्याहून जास्त नाही. पुण्यात या धंद्याची मुळं जुनी आहेत, डूलाली ही ब्रुअरी तिथे २००९ मध्ये सुरू झाली. नाव ऐकून काही आठवतं का? आपलं नाशिकजवळचं देवळाली. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथल्या छावणीत महिनोन् महिने पडून असायचे आणि कंटाळ्याने त्यांची डोकी फिरायची. त्यावरून इंग्रजीत सटकलेल्या माणसाला 'डूलाली' म्हणायला लागले. सापुताऱ्याचा घाट चढून नाशिकमार्गे गेलात तर मूळ गावावरूनच जाल, आणि एका दिवसाची दौडही दोन दिवसांत विभागली जाईल. इंडिपेंडन्स, एफिंगट, ग्रेट स्टेट ही नावं तुमच्या यादीत आहेतच. बिअर बाजूला ठेवून मधापासून आंबवलेलं मीड चाखायचं असेल तर मूनशाइन ही भारतातली पहिली मीडरी पुण्याचीच. कुठेही जायचं तर आधी फोन करा, कारण या जागा उघडतात, हलतात, बंदही पडतात. फोनवरच विचारा की बनवणाऱ्याला भेटता येईल का, टाक्या बघता येतील का. शनिवारी रात्री नऊला विचाराल तर कुणी ढुंकून बघणार नाही. मंगळवार-बुधवारी दुपारी विचाराल तर माझ्यासारखे तळहातावर दाणे मिळतील.

जेवून जा. ट्रेमध्ये छोटे छोटे सॅम्पलर देतात ते घ्या, फिकटपासून सुरू करून काळ्याकडे जा, उलटं केलंत तर पुढचं काही लागत नाही. पण सॅम्पलर म्हणजे तीर्थ नव्हे. शंभर मिलीचे सहा झाले की सहाशे मिली झाले, म्हणजे बाजारातली मोठी बाटली संपत आली. पाच-सहा चवींनंतर जीभही कामातून जाते.

आता गाडी आणि स्टिअरिंग. हा हिशोब मी जरा सविस्तर करते, कारण "दोन बिअरने काय होतंय" असं म्हणणारे वाचक दर महिन्याला लिहितात. पाच टक्क्यांची अर्धा लिटर बिअर म्हणजे सुमारे वीस ग्रॅम अल्कोहोल. यकृत तासाला साधारण सात-आठ ग्रॅम हातावेगळं करतं. म्हणजे एका ग्लासाला अडीच तास. रात्री बारापर्यंत असे चार ग्लास झाले तर दुसऱ्या दिवशी सकाळीही रक्तात काहीतरी असू शकतं. झोप झाली, आंघोळ झाली, लिंबूपाणी झालं, कॉफी झाली, यकृताला त्याचं काही नाही, ते आपल्या गतीनेच चालतं. आणि क्राफ्टमध्ये आठ टक्क्यांच्याही बिअर असतात, तिथे ग्लास लहान देतात तो उगाच नाही. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. दंडाचं सोडा, पण "रात्री प्यायलो होतो, आता सकाळ आहे" म्हणून एक्स्प्रेस-वेच्या घाटात शिरणारे मला जास्त भीतीदायक वाटतात. त्यांना आपण प्यायलेलो आहोत हेही ठाऊक नसतं.

म्हणून रस्त्याचा दिवस वेगळा आणि ग्लासाचा दिवस वेगळा ठेवा. पुण्याला पोचलात की गाडी हॉटेलात लावायची, किल्ली एकाच्या बॅगेत तळाशी, आणि शहरात फिरायचं ते टॅक्सीने. तुम्हाला रोड ट्रिपचीच हौस असेल तर जाताना-येताना भरपूर रस्ता आहे. नसेल तर रात्रीच्या ट्रेनने जा, मला तेच जास्त शहाणपणाचं वाटतं.

आणि हे एकदा पटलं की तुम्हाला ड्रायव्हर लागतच नाही. इथे मी त्या वाक्यावर येते.

"एकाने दीड वर्षापूर्वी पिणं सोडलं आहे, त्यामुळे ड्रायव्हरचा प्रश्न आपोआप मिटला." चार पानी पत्रात तुमच्या या मित्राबद्दल एवढंच आहे. बेंगळुरूला जाऊन आलेल्या मित्राला कोणती बिअर आवडली ते तुम्ही लिहिलंत, आईंना गाडी लागते ते लिहिलंत. याने का सोडली ते नाही. सोडताना त्याला काय झालं, आता कसा आहे, ते नाही. कदाचित तुम्हालाही ठाऊक नसेल. पुरुषांच्या चौकडीत असं होतं, तीस वर्षं मैत्री असते आणि नेमकं विचारायचं ते कुणीच विचारत नाही. डॉक्टरने सांगितलं म्हणून सोडली असेल, घरच्या एखाद्या वाईट रात्रीनंतर सोडली असेल, नुसता कंटाळा आला असेल. तिन्हींत फार फरक आहे. तिसऱ्याला ब्रुअरीत बसून आल्याचं सरबत प्यायला काहीच वाटणार नाही. दुसऱ्याला आंबवलेल्या सातूचा वास सहा दिवस, दिवसातून दोनदा, आणि वर रात्री तीन झिंगलेल्या मित्रांना खोलीपर्यंत पोचवणं, ही शिक्षा आहे.

माझ्या नात्यातले एक जण होते, लांबचे दीर. त्यांनी पन्नाशीत दारू सोडली. मित्रांनी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं आणि त्याच आठवड्यात किल्ली हातात दिली. वर्षभर ते सगळ्यांना अबू, दिव, दमण फिरवून आणत होते. पार्टीत त्यांच्यापुढे एक कोल्डड्रिंक आणि शेंगदाण्यांची बशी. मग एका दिवाळीला ते "गुडघा दुखतोय" म्हणाले. पुढच्या खेपेला गाडी गॅरेजला होती. मित्रांनी दुसरा ड्रायव्हर शोधला आणि त्यांना बोलवायचं हळूहळू बंद झालं. गुडघा ठणठणीत होता हे मला माहीत होतं, कारण ते रोज संध्याकाळी सुरसागर तलावाभोवती चार फेऱ्या मारायचे, एकटे. मला एकदा तिथेच भेटले तेव्हा म्हणाले, "वहिनी, मी दारू सोडली होती, मित्र नव्हते सोडले."

तुमच्या मित्राचं असंच आहे असं मी म्हणत नाही. कदाचित त्याला गाडी चालवायची हौसच असेल. पण "त्याला काही प्रॉब्लेम नाही" हे तुम्ही चौघांच्या ग्रुपवर विचारून ठरवलं असेल तर ते उत्तर धरू नका. ग्रुपवर सगळे अंगठाच दाखवतात. त्याला एकट्याला गाठा. कुठेतरी सेव उसळ खायला न्या, तिखट तर्री घेऊन नाक पुसता पुसता माणूस बरंच खरं बोलतो. आणि "तू गाडी चालवशील ना?" असं विचारू नका. त्याऐवजी सांगा की गाडी कुणीच चालवणार नाही, शहरात टॅक्सी आहे, आता सांग, तुला यावंसं वाटतं का? म्हणजे त्याला जे काही म्हणायचं ते म्हणायला जागा राहील. हो म्हणाला तर तो चौथा मित्र म्हणून येईल, त्याच्यासाठी दिवसातला निम्मा वेळ बिअरशिवायचा ठेवा. सकाळी सिंहगड चढा, दुपारी जेवा, मग संध्याकाळी एकच ब्रुअरी, आणि त्याला कंटाळा आला की त्याने उठून जावं, त्याला कुणी थांबवू नये. "बिनअल्कोहोलची बिअर घे ना" असा आग्रहही नको. त्यातही अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं, आणि ज्याने झगडून सोडलीय त्याच्यासाठी चवच पुरेशी असते. नको म्हणाला तर बेत पुढे ढकला किंवा बदला. तिघांनी जाणं हाही पर्याय आहे, पण तो त्याने सुचवावा, तुम्ही नाही.

बोलताना असं दिसलं की तो अजून झगडतोच आहे, तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे, फुकट आहे, तो त्याच्या हातात द्या. आणि सहलीचा विषय बंद करा.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही एक विचारते. तुमच्या घरी, तुमच्या गटात तो 'आपोआप मिटलेला प्रश्न' कोण आहे? बऱ्याच ठिकाणी ती बायको असते. तिला आवडत नाही म्हणून ती पीत नाही, आणि ती पीत नाही म्हणून गोव्याहून, लोणावळ्याहून, मुंबईच्या लग्नातून रात्री दोन वाजता गाडी तीच आणते. तिला कधी तरी मागच्या सीटवर झोपून यायचं असेल, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

राहिल्या तुमच्या आई.

छत्तीस वर्षांच्या मुलाने प्रत्येक ग्लासाचा हिशोब आईला द्यावा असं माझं मत नाही. अर्धं सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. "मित्रांबरोबर चार दिवस पुण्याला चाललोय" हे अर्धं आहे, पण खरं आहे. आईंनी पुढे विचारलं तर खरं सांगा, नाही विचारलं तर त्यांची मर्जी. आमच्या पिढीच्या बायका वाटतात तितक्या भाबड्या नसतात. दारूबंदीच्या राज्यात आयुष्य काढलंय आम्ही, कुणाच्या कपाटात कोणत्या डब्यामागे काय आहे ते सगळ्या गल्लीला ठाऊक असतं. आईंनी तुमची थाप पकडली आणि मुद्दामच "मीही येते" म्हटलं, ही शक्यता तुमच्या मनात आलीच नाही का? माझ्या मात्र पहिल्यांदा तीच आली.

तसं नसेल तर गोष्ट आणखी अवघड आहे. मग एका बाईला तिच्या नवऱ्याबरोबर राहून गेलेली यात्रा तुम्ही चुकून देऊ केलीत, आणि आता ती परत कशी घ्यायची ते मला विचारताय. मी नाही सांगणार. आज रात्रीच जेवणं झाली की त्यांच्याजवळ बसा आणि म्हणा, "आई, या खेपेला आम्ही मित्र नुसते फिरायला जातोय, अष्टविनायक मी उगाच म्हटलं होतं, चुकलं माझं." त्या रुसतील. रुसू द्या. आणि त्याच बैठकीत तारीख ठरवा, नुसतं "नंतर जाऊ" नको. दिवाळीनंतर पाऊस सरलेला असतो, हवा थंड होते, तेव्हाचा एखादा आठवडा बघा. संकष्टी, विनायकी टाळा, रांगा असतात. पुणं मध्यात धरून तीन दिवस लागतात, साडेसहाशेच्या आसपास किलोमीटर होतात, लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, तिथे डोलीची चौकशी आधी करून ठेवा. मोरगावपासून सुरू करा आणि शेवट पुन्हा मोरगावलाच, तशी रीत आहे, आणि आईंना ती ठाऊक असणारच.

दोन्ही सहली एकत्र मात्र करू नका. थेऊरला आईंचं दर्शन आणि संध्याकाळी मित्रांबरोबर मुंढव्यातली ब्रुअरी, असलं काही डोक्यात आलं असेल तर काढून टाका. त्या तीन दिवसांत गाडी तुम्ही चालवा, आणि पुढची सीट आईंची. खिडकी थोडी उघडी ठेवा, आवळासुपारीची डबी हाताशी असू द्या, आणि ओझरच्या रस्त्याला वळणांवर हळू.